आठवणींना साक्षीला बोलावलंत, तर उलटतपासणीही घ्या

अमेरिकेत स्टॉक कारच्या शर्यती भरवणाऱ्या नॅस्कारचं पुढच्या हंगामाचं वेळापत्रक जाहीर झालं की एक जुना वाद ठरल्यासारखा उकरून निघतो. अंडाकृती ट्रॅक, म्हणजे ओव्हल, सोडून डाव्या-उजव्या वळणांच्या रस्त्यावर, म्हणजे रोड कोर्सवर, किती शर्यती असाव्यात? २०२६ साठी शार्लटची शरदातली शर्यत पुन्हा ओव्हलवर नेली आणि दुसरीकडे सॅन डिएगोच्या नौदल तळावर नवी शर्यत आखली, त्यामुळे दोन्ही पक्षांना एकाच वेळापत्रकावरून आनंदही झाला आणि संतापही. या वादात आकडे फारसे कुणी काढत नाही. हत्यार एकच, आठवण. ‘२०१२ची वॉटकिन्स ग्लेन विसरलात का?’ असं एकाने त्या रोड कोर्सबद्दल विचारलं की दुसरा डार्लिंग्टन आणि ब्रिस्टल हे ओव्हल काढतो, आणि मग कुणाची आठवण जास्त सोन्याची यावर चार दिवस जातात.

मला या आठवणी खोट्या वाटत नाहीत, टाकाऊ तर मुळीच नाहीत. पण दोन्ही बाजू त्यांच्याकडून भलतीच साक्ष काढून घेतायत. स्टॉक कारच्या चाहत्याला रोड कोर्सवरची जी शर्यत वर्षानुवर्षं आठवते, तिच्यातला रस्ता त्याला फारसा आठवत नसतो. त्या रस्त्यावर न मावणारी गाडी आठवत असते. एवढं मान्य केलं तर ‘रोड कोर्स दोन की सात’ हा प्रश्न दुय्यम ठरतो आणि गाडीचा प्रश्न पुढे येतो. तो मात्र या भांडणात कुणी विचारत नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. जुनी स्टॉक कार म्हणजे दीड टनाहून जड धूड. तासन्‌तास डावीकडे वळण्यासाठी बांधलेलं. २०२१ पर्यंत तिची मागची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर होती, चार गिअरचा दांडा हाताने ओढावा लागे आणि ब्रेक तिच्या वजनापुढे नेहमीच अपुरे पडायचे. अशी गाडी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनच्या २.४५ मैलांच्या रस्त्यावर सोडायची म्हणजे भरल्या उसाची बैलगाडी गावातल्या बोळातून पळवण्यासारखं. आमच्यासारखी न्यू जर्सीकडची मराठी कुटुंबं त्या गावी सहसा घळ आणि तिच्यातले १९ धबधबे बघायला जातात आणि जेवण करून परत फिरतात. डोंगरावर थोडं वर गेलं तर हा ट्रॅक आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊकही नसतं. लांब सरळ रस्त्याच्या टोकाला ‘बस स्टॉप’ नावाची नागमोडी वळणं आहेत. तिथल्या गवतावर बसलं की आधी आवाज येतो, मग आकाशी रंगाच्या पत्र्याच्या कठड्यावरून गाडीचं नुसतं छप्पर सरकताना दिसतं, आणि ब्रेक लागला की मागची चाकं जमिनीवर टप्पे घेऊ लागतात. रबरी चेंडूसारखी. चालकाने ब्रेक जरा सोडला तर गाडी वळणार नाही, जरा जास्त दाबला तर मागचा भाग पुढे येईल. हे सगळं मिळून दोन-तीन सेकंद. मग ती गाडी गेलेली असते आणि पुढची आलेली असते.

आता १२ ऑगस्ट २०१२. शेवटच्या फेरीला काइल बुश पुढे, त्याच्या मागे ब्रॅड केसेलोव्स्की, तिसरा टास्मानियाचा मार्कोस ॲम्ब्रोज. बॉबी लबाँटीच्या गाडीतून तेल गळून रस्त्यावर पसरलं होतं. बुश त्यावर घसरला, केसेलोव्स्कीचा धक्का लागून गर्रकन फिरला. उरलेले दोघं आळीपाळीने रस्ता सोडून गवतात-मातीत गेले, परत आले, एकमेकांना आपटले, आणि तेलावरून वाट काढत ॲम्ब्रोज आधी पोचला. धोका दिसला की शर्यत संथ करणारा पिवळा झेंडा पडलाच नाही. स्टॉक कारचे चाहते आजही ही फेरी तोंडपाठ सांगतात, कोणत्या वळणावर कोण आडवा गेला इथपर्यंत.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे: आठवण निवडक असते. १९८६ पासून, २०२० चा अपवाद सोडला तर, ग्लेनला दरवर्षी नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेची, कप मालिकेची, शर्यत झाली आहे. त्यातल्या किती आठवतात? २०१२, चेस इलियटचा पहिला विजय म्हणून २०१८, आणखी एखाद-दुसरी. बाकीच्या शर्यतींत कुणीतरी लवकर पुढे गेलं, इंधनाचा हिशेब जुळवला आणि संध्याकाळी सगळे घरी गेले. आपल्याकडे शारजाचं हेच झालं. तिथे दोनशेहून जास्त एकदिवसीय सामने झाले. आपल्या पिढीला त्यातला १९८६ चा मियाँदादचा शेवटच्या चेंडूवरचा षटकार आठवतो आणि १९९८ मधलं वाळूचं वादळ. तेवढ्यावरून ‘शारजाचं क्रिकेट थोर’ म्हणणारा माणूस उरलेल्या शेकडो रटाळ दुपारींचा हिशेब देत नाही. शिवाय रोड कोर्सवरची आठवण आणखी एका अर्थाने उसनी असते. ओव्हलवर एका बाकावरून सगळा ट्रॅक दिसतो. ग्लेनला माणसाला एकच वळण दिसतं. बाकी सगळं कानावरच्या स्कॅनरमधून येतं, नाहीतर घरी गेल्यावर टीव्हीवर. २०१२ ची शेवटची फेरी ‘पाहिली’ म्हणणाऱ्या प्रेक्षकाने प्रत्यक्षात तिचा एक तुकडा पाहिलाय आणि उरलेली फेरी नंतर जोडून घेतलीय.

हे सगळं कबूल. पण निवडक म्हणजे मनमानी असं कुठे आहे? लोकांनी एवढ्या शर्यतींतून या मोजक्याच का उचलल्या, हे विचारलं तर उत्तर मिळतं. कॅलिफोर्नियातला सोनोमा रोड कोर्स, १९९१: रिकी रडने शेवटाला डेव्ही ॲलिसनला धक्का देऊन फिरवलं, रेषा आधी ओलांडली, पण नॅस्कारने त्याला दंड करून विजय ॲलिसनला दिला. सोनोमा, २०१०: आघाडीवर असलेल्या ॲम्ब्रोजने पिवळ्या झेंड्याखाली पेट्रोल वाचवायला चढावर इंजिन बंद केलं, ते वेळेत चालू झालं नाही, गाडी जवळपास थांबली आणि हातातली शर्यत गेली. सोनोमा, २०१६: शेवटच्या हेअरपिनला, म्हणजे पार उलट फिरणाऱ्या वळणाला, डेनी हॅमलिनची गाडी बाहेर सरकली, आतली जागा उघडी पडली, निवृत्तीच्या हंगामातल्या टोनी स्टुअर्टने तिथे नाक घातलं आणि दार ठोठावत पुढे निघाला. त्याचा तो शेवटचा विजय. शार्लटचा रोव्हल (ओव्हल आणि आतला रस्ता जोडून केलेला ट्रॅक), २०१८: शेवटच्या वळणावर जिमी जॉन्सन स्वतः घसरला, मार्टिन ट्रुएक्सलाही घेऊन गेला, आणि तिसरा असलेला रायन ब्लेनी जिंकला. या चारही आठवणींत एक समान धागा आहे. जगातले उत्तम चालक एका अवघड जागी, अवघड गाडीत, चुकले. चुकण्याची शक्यता त्या गाडीत बांधलेलीच होती. कुशल माणूस चुकीच्या काठावर किती वेळ उभा राहतो, हे बघायला लोक येत होते.

ओव्हलवाल्यांचा युक्तिवाद वेगळा आहे. त्यांच्या मते स्टॉक कारचा पिंडच ओव्हलचा. रोड कोर्स म्हणजे युरोपच्या नादाला लागणं. इतिहास त्यांच्या बाजूने नाही. डेटोनाला मोठा ट्रॅक १९५९ मध्ये आला; त्याआधी तिथली शर्यत अर्धी समुद्राच्या वाळूवर आणि अर्धी डांबरी हमरस्त्यावर व्हायची. मालिकेची पहिली रोड कोर्स शर्यत १९५४ ची, न्यू जर्सीतल्या लिंडनच्या विमानतळावर, आणि ती जिंकली अल केलरने जॅग्वारमधून. (ज्यांना टोयोटाचं दर्शन अजूनही सहन होत नाही त्यांनी हे लक्षात ठेवावं.) कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला तर अनेक वर्षं हंगामाची सुरुवातच होत असे. डॅन गर्नीने तिथे पाच वेळा बाजी मारली. बिल इलियटचा पहिला विजय १९८३ मध्ये रिव्हरसाइडला; ३५ वर्षांनी त्याचा मुलगा चेस ग्लेनला पहिल्यांदा जिंकला. याला युरोपचा नाद म्हणायचं? ही घरातलीच परंपरा आहे.

रिव्हरसाइडच्या आठवणींबाबत मात्र मी जरा हात राखून बोलेन. तिथली शेवटची कप शर्यत जून १९८८ मध्ये झाली, रस्टी वॉलेस जिंकला, आणि त्या जागी आज मोरेनो व्हॅलीचा मॉल आहे. जो ट्रॅक उरलाच नाही त्याच्या आठवणींना कुणी आव्हान देऊ शकत नाही, म्हणून त्या वर्षागणिक उजळत जातात. त्याच ट्रॅकवर जानेवारी १९६४ मध्ये सलग दोनदा मालिकेचा विजेता ठरलेला जो वेदरली मेला. खांद्याचा पट्टा त्याने बांधलेला नव्हता, खिडकीला जाळी लावण्याची पद्धत तेव्हा नव्हती, आणि डोकं भिंतीवर आपटलं. ‘ते दिवस गेले’ म्हणून उसासा टाकणाऱ्याने हेही दिवस मोजावेत.

यातूनच सगळ्यात कठीण आक्षेप उभा राहतो: तुम्हाला जे आठवतं ते धोक्यामुळे आठवतं, आणि धोका मागणारा प्रेक्षक दुसऱ्याच्या जिवावर करमणूक मागतो. ग्लेनच्या ज्या ‘बस स्टॉप’जवळ बसून मी चाकांचे टप्पे बघतो, ती वळणं मुळात नव्हती. ऑगस्ट १९९१ मध्ये त्या सरळ रस्त्याच्या टोकाला, पाचव्या वळणावर, जे. डी. मॅकडफीची गाडी ताबा सुटून आदळली आणि तो जागीच गेला. ६५३ शर्यती, एकही विजय नाही, स्वतःच्या तुटपुंज्या पैशांवर चालवलेला संघ. त्याच उन्हाळ्यात टॉमी केंडल हा चालक त्याच जागी पाय मोडून घेऊन बसला होता. पुढच्या वर्षी तिथे वेग मारणारी वळणं बांधली. आज ती जागा ट्रॅकवरची सगळ्यात रंगतदार मानली जाते.

तेव्हा २०१२ बद्दल मी असं म्हणतो: तेल सांडलंय हे दिसत असताना झेंडा दाखवायला हवा होता. दाखवला असता तर ती शेवटची फेरी अशी झालीच नसती, हेही खरं, आणि ती किंमत मोजायला हवी होती. आक्षेप घेणाऱ्यांना मी एवढा भाग देऊन टाकतो. पण त्यांची गफलत पुढच्या पायरीवर होते. अवघडपणा आणि धोका या दोन वस्तू आहेत. २०१६ ला हॅमलिनची गाडी बाहेर सरकली तेव्हा कुणाच्या जिवाला काही होणार नव्हतं. वेग कमी होता, हेअरपिन होती, उभे राहण्यापुरती जागा होती. अवघड होती ती गाडी. मॅकडफीचा जीव घेतला तो रस्त्याच्या टोकाच्या अफाट वेगाने आणि तोकड्या मोकळ्या जागेने. नॅस्कारने रस्त्याचा धोका कमी केला ते योग्यच. पण २०२२ ला नवी गाडी आणताना गाडीचा अवघडपणाही सोबतच काढून टाकला, आणि त्याची चर्चा झाली ती ‘आधुनिकता’ या नावाखाली.

या गाडीत मागची चाकं स्वतंत्रपणे हलतात. गिअर क्रमाने पडतात, पाच आहेत, दांडा पुढे-मागे ओढला की झालं; चुकीचा गिअर पडायची सोय उरली नाही. चाकं मोठी, ब्रेक मोठे, टप्पे गायब. अभियंत्याच्या नजरेने ही गाडी जुनीपेक्षा प्रत्येक बाबतीत सरस आहे. तिचा परिणाम बघायचा तर परक्या तज्ज्ञांचं काय झालं ते बघा. जुन्या काळी ग्लेन आणि सोनोमा या दोन शर्यतींपुरते काही संघ रोड रेसिंगमधले मुरलेले चालक भाड्याने आणायचे: रॉन फेलोज, बोरिस सेड, स्कॉट प्रुएट. या तिघांपैकी एकालाही कप मालिकेत एकही विजय मिळाला नाही. ॲम्ब्रोज ऑस्ट्रेलियातल्या सुपरकार्स या शर्यत-मालिकेचा दोन वेळचा विजेता, तरी त्याला पहिली कप शर्यत जिंकायला २०११ उजाडावं लागलं. आणि नव्या गाडीत? त्याच सुपरकार्सचा तीन वेळचा विजेता, न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन, २ जुलै २०२३ ला शिकागोच्या रस्त्यावर पहिल्यांदा कप शर्यतीत उतरला आणि जिंकला. २०२५ मध्ये रोड कोर्सच्या सहा शर्यतींपैकी पाच त्याने घेतल्या, त्यातली मेक्सिको सिटीची सोळा सेकंदांहून जास्त फरकाने.

यावर उत्तर येतं की जुन्या भाडोत्री तज्ज्ञांना धड गाड्या मिळत नसत, म्हणून ते हरले; आणि व्हॅन गिसबर्गन तर असामान्यच आहे. दुसरं निर्विवाद. पहिलंही बऱ्याच अंशी खरं. पण २००४ ची ग्लेन घ्या. फेलोजला डेल अर्नहार्टच्या नावाच्या संघाची चांगली गाडी मिळाली होती, सगळ्यात मागून निघून तो दुसऱ्या स्थानापर्यंत आला. त्याला हरवलं कुणी? टोनी स्टुअर्टने, म्हणजे इंडियानातल्या मातीच्या छोट्या ओव्हलवर वाढलेल्या गड्याने. स्टुअर्ट ग्लेनला पाच वेळा जिंकला. रोड कोर्सवर नऊ विजय मिळवणारा जेफ गॉर्डनही त्याच मातीतून आलेला. घसरत्या गाडीला लगाम घालायचं शिक्षण ज्यांना मातीच्या ओव्हलवर मिळालं होतं, ती जुनी बोजड गाडी त्यांच्या हाताला रोड कोर्सवर साथ द्यायची. म्हणजे ‘परकी’ वाटणारी ही शर्यत प्रत्यक्षात अस्सल स्टॉक कारवाल्यांची होती, आणि ओव्हलच्या कट्टर पाठीराख्यांनी तिला सगळ्यात आधी आपलं म्हणायला हवं होतं. नव्या गाडीने तो दुवा तोडला. आता रोड कोर्सवर जिंकायला रोड रेसिंगची तालीम लागते, आणि मग ओव्हलवाल्यांची तक्रार उशिरा का होईना खरी होऊ लागते.

विम्बल्डनचं असंच काहीसं झालं. इव्हान लेंडलसारखा खेळाडू गवतावर अस्वस्थ असायचा. तिथल्या विजेतेपदासाठी त्याने फ्रेंच ओपनवर पाणी सोडलं, तरी ते त्याला कधीच मिळालं नाही. ती अस्वस्थता बघण्यात मजा होती. २००१ पासून तिथे पूर्ण राय गवत आलं, चेंडूची उसळी भरवशाची झाली, टेनिस सुधारलं, नेटकडे धावणारे कमी झाले आणि गवताच्या स्पर्धेचं वेगळेपण पुष्कळसं पांढऱ्या कपड्यांत उरलं. तिथे कुणी ‘गवतावरच्या स्पर्धा वाढवा’ म्हणून ते परत आणू शकलं असतं का?

नॅस्कारने नेमका तोच उपाय केला. दोन रोड कोर्स होते, २०१८ ला तीन झाले, २०२१ ला ३६ पैकी सात. इंडियानापोलिससारख्या ट्रॅकवर, जिथे १९९४ पासून ब्रिकयार्ड ४०० ओव्हलवर धावत होती, तीन वर्षं आतल्या रस्त्यावर शर्यत घेऊन पाहिली आणि २०२४ ला निमूट परत ओव्हल गाठला. रोड कोर्सवर स्टेजच्या, म्हणजे शर्यतीच्या ठरलेल्या टप्प्याच्या, शेवटचे पिवळे झेंडे २०२३ ला काढले, २०२४ ला परत आणले. हे सगळं वेळापत्रक आणि नियम हलवून झालं. दुर्मीळ होतं म्हणून आठवत होतं, असं म्हणणाऱ्यांना मी अर्धे गुण देईन: सात झाल्या की एकेकीची किंमत उतरते हे कुणालाही कळतं. पण मग २०२४ ला पाचावर आणून काय साधलं? कमी केलेल्या शर्यतींतही गाडी तीच.

म्हणून अलीकडच्या सगळ्या निर्णयांत मला लक्षात घेण्याजोगा वाटतो तो वेळापत्रकाबाहेरचा. २०२६ पासून छोट्या ट्रॅकवर आणि रोड कोर्सवर इंजिनाची ताकद ६७० वरून ७५० अश्वशक्तीवर नेण्याचं ठरलं. इथे निदान कुणीतरी गाडीला हात घातला. पुरेसं नाही, जोडीला लवकर झिजणारे टायर हवेत, म्हणजे शेवटच्या दहा फेऱ्यांत जादा ताकद रस्त्यावर उतरवणं कठीण जाईल आणि उजव्या पायाची परीक्षा होईल. अखंड ॲक्सल परत आणा असं मी म्हणणार नाही, ते दिवास्वप्न आहे. सुरक्षिततेत झालेली सुधारणा तर एक इंचही मागे घेऊ नये. एवढं करूनही व्हॅन गिसबर्गनच जिंकेल, असं कुणी म्हणेल. जिंकू दे की. सोळा सेकंद पुढे राहून जिंकण्याऐवजी शेवटच्या हेअरपिनला मागचं चाक सरकू न देता, आरशात स्टुअर्टसारखा कुणीतरी दिसत असताना जिंकू दे.